जीपवरचा आवाज

पप्पा, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत किती वर्षं ढकलली. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत, मग शाळाही सुटल्यासारखीच, नुसता भटकत राहिलो. मध्ये काही दिवस घाटघरला होतो, तिथं कागद काढलाही होता, पण धुकं बघत बसलो. आज लिहितोय, कारण शिसारी आलीय आणि ती दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

हल्ली मी स्टेजवर आपल्या घराण्याची गोष्ट सांगतो. राजस्थान सोडून मंचरला कापडाचं दुकान टाकलं, तिथपासूनची. मागं पडद्यावर दुकानाचे फोटो आणि स्पीकरवर तुम्ही. बाजारच्या दिवशी जीपवर वाजायची ती कॅसेट. "चला पावणं, लगनसराईचं कापड आलं! घ्यायचं न्हाई तर नका घेऊ, हात तर लावून बघा राव!" मधला खोकलासुद्धा ठेवलाय.

आज खोडदला प्रयोग आहे. पुण्याहून आलेले आयोजक तालीम बघून म्हणाले, "आवाज गोड आहे रे, पण हा माणूस बाहेरून आलेला वाटतच नाही. लोकल वाटतो. काढून टाक. मारवाडीत काहीतरी रेकॉर्ड कर." वर हसत हसत भाड्याची पगडी हातात दिली, आतून कुणाच्या तरी तेलकट घामानं काळी पडलेली. ती घातली आणि तुमचा आवाज काढून टाकला तरच प्रयोग. शिसारी आली ती इथंच. पगडीनं कमी, त्यांच्या हसण्यानं जास्त.

महाळुंगे पडवळचं एक गिऱ्हाईक आठवलं. गादीवर ऐसपैस बसून विचारतंय, "शेठ, तुमी मूळचं कुठलं?" तुम्ही कापड मोजतामोजता म्हणताय, "तुमच्या म्हातारीचं लग्नातलं लुगडं माझ्या आज्यानं दिलंय. आता तुमीच सांगा, मी कुठला." तो खदाखदा हसला. तो गेल्यावर तुम्ही कितीतरी वेळ गादी झटकत होता. मला वाटलं, धूळ असेल.

तुमचा आवाज काढून टाकणार नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक सांगतो. मला मारवाडी येतच नाही. तुम्ही आणि आई स्वयंपाकघरात हळू बोलायचात, आम्ही पोरं आलो की मराठी सुरू. त्यांनी मागितलं तेव्हा राग आला, पण थोडी लाजही वाटली.

थांबा, बाहेर रिक्षा आलीय. आई उतरतेय! तिला मी बोलावलंच नव्हतं, ती कॅसेट लागली की ती उठून परसात जाते. आयोजकांना विचारतेय, "ह्यांचा आवाज कधी लावणार? मला परतीची एसटी गाठायचीय."