साडेसाताचे सव्वाआठ

३ फेब्रु.
धाकट्या भावजयीला गणित शिकवायचं कबूल केलं खरं. सुनंदा आज वही घेऊन हजर. आठवी झाली नि लग्न; आता बेचाळिसाव्या वर्षी बाहेरून दहावी. फ्रीगंजच्या शिवणकेंद्रात शिकवायला घेतील, पण दहावी पास हवी. आमच्या अर्ध्या नानाखेडा वस्तीचे ब्लाउज हीच शिवते, अन् २¼ असं काही दिसलं की घाम फुटतो. "ताई, ये मेरे बस का नहीं."

९ फेब्रु.
भागाकार जमला. पण उत्तर बरोबर आलं हे कळायचं कसं, विचारत होती. ताळा दाखवला. उत्तराला भाजकाने गुण, मूळ संख्या परत यायलाच हवी. दोनदा करून बघितलं, मग नुसती हसत राहिली. "म्हणजे कोणाला विचारायला जायलाच नको?"
इतकी वर्षं शिकवलं हे. असा आनंद कुणाला झालेला...

१६ फेब्रु.
आज माझी फजिती. सरावाचा पेपर पुस्तकात मागे छापलेल्या उत्तरांवरून तपासत होते. ७½ ÷ २¼. तिचं ३⅓, छापलेलं ३⅔. लाल काट मारली.
ती हळूच, "ताई, माझा ताळा जमलाय."
म्हटलं, छापलेलं चुकेल होय? घाई केली असशील.
तिने छापील उत्तराला सव्वादोनाने गुणलं, वही सरकवली. सव्वाआठ.
"कपडा साडेसात मीटर. त्यातून सव्वाआठ निघेल कसा?"
तीस वर्षं मास्तरकी केली, अन् गुणून बघायचं मला सुचलं नाही. काट खोडली, चुकले म्हटलं. तीच लाजली, चहा टाकायला उठली.

१ मार्च
भाऊ म्हणतो, या वयात नापास झाली तर लोक हसतील. मी भडकले. ती शांत. "हसू द्या. पेपर तर देणार."

८ एप्रिल
गणिताचा पेपर झाला. ऑटोतून उतरली ती घामाघूम. शेवटचे दोन प्रश्न राहिले, प्रत्येक गणिताचा ताळा करत बसली. म्हटलं, अगं, वेळ बघायची ना! आणि जे लिहिलंस ते?
"ते बरोबर आहे."
'असेल' नाही, 'आहे'. पेपरहून येऊन असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
पासापुरतं झालं का, कोण जाणे. निकाल जूनमध्ये.