दोन देशांच्या दोन रेघा

शनिवार, १७ मे. अकोला.

मेधाने कॅनडाहून पाठवलेला आलेख संध्याकाळपासून पाहतेय. तिकडे जंगल पेटलंय, धुरामुळे पोरगी खिडक्या लावून बसली आहे. दोन्ही देशांत दरवर्षी किती जमीन जळाली, त्याच्या दोन रेघा. कॅनडाची रेघ बरीच वर्षं खाली असते आणि एखाद्या वर्षी एकदम आभाळाला भिडते. आपली मात्र दरवर्षी जवळपास तेवढीच. असं का? मेळघाटात वणवे लागतात, पण इतके नेमाने?

फोनवर मेधा म्हणाली, "आई, यात नुसतं जंगल नाही. शेतातली आगही धरली आहे."

हे तेवढ्यात दर्यापूरच्या वावरातून आले. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळून आलेले, सदऱ्याला धुराचा वास. त्यांनीही ती रेघ निरखून पाहिली. "आपलं वावर दिसते का यात?"

"एवढं लहान उपग्रहाला बहुतेक दिसत नसेल, बाबा."

हे चक्क हिरमुसले. मग दिसत नाहीत अशी किती वावरं असतील? खरी रेघ कुठवर जाईल?

तेवढ्यात मेधाला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. ह्यांचा चेहरा उतरला. "बाई, काही दिवस इकडे येतं का?"

"येईन ना. पण तुमचं जाळणं झाल्यावर."

नाल्याकडच्या वावरात पऱ्हाटी अजून उभी आहे. तिचं काय करणार, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. जेवताना हे आपणहूनच म्हणाले, "बारीक करायची मशीन कोनाकडे आहे, पाहतो."