भाऊबंदांचा रोट

रविवार, ११ ऑगस्ट
बस सोडली! नाशिकहून निघालेली देवदर्शनाची सहल. प्रत्येक देवळात अर्धा तास, मग सहलप्रमुख अभिमनची शिट्टी. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात चहाला थांबलो. एका अंगणात कानबाई, इकडची श्रावणातली देवी, बसत होती. नारळाला डोळे, नथ, कोरं पातळ. मला ती पुरती पाहायची होती. शिट्टी वाजली. मी बॅग उतरवून घेतली. काकू, डोंगरात बिबट्या आहे हं, असं अभिमन म्हणाला. म्हटलं, त्याला शिट्टी वाजवता येत नाही ना, मग चालेल. शनिवारी पद्मालयाहून परतताना मला घे. मुलगा फोनवर चिडला: या वयात हे काय? फोन ठेवून दिला.

यजमानीण मंजुळाबाई माझ्याच वयाच्या. हाताला धरून त्यांनी पंगतीत बसवलं. खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, गव्हाचा गोड रोट. मी खाताना त्या रडत होत्या. भाविक बाई.

सोमवार, १२ ऑगस्ट
कानबाई नदीवर गेली. बायकांबरोबर मीही फुगडी घातली. परतले तर मंजुळाबाई नाहीत. घरातले म्हातारे कौतिकनाना म्हणाले, गयी ती. सुटनी.

बुधवार, १४ ऑगस्ट
शनिवारची वाट न बघता एसटीसाठी निघाले. शिवेवरच्या मारुतीला वळसा घातला, समोर पुन्हा हेच अंगण. उलट दिशेनं गेले. अंगण. केळीच्या बागेतून घुसले. अंगण.

ओट्यावर नाना तंबाखू मळत होते. थकनी का माय, म्हणून हसले. मग सांगितलं. रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. घरातल्या माणसागणिक मूठभर गहू निघतो, आणि या घराच्या मुठी कमी होत नाहीत. मी खाल्ला, मी घरची झाले. मंजुळाबाई दीपनगरहून पोलिओचे डोस द्यायला आल्या होत्या. तेव्हा त्यांचे केस काळे होते. सुटायचं असेल तर पौर्णिमेच्या आत हा रोट— दुसराले खावाड, मंग जाय.

मी म्हटलं, शिट्टीवर चालले नाही, मुठीवर चालेन होय?

शुक्रवार, १६ ऑगस्ट
फोन लागतो. मुलगा हॅलो, हॅलो करतो. माझा आवाज पोचत नाही.
घरात आणखी माणसं आहेत. भिंतीला टेकून बसलेली. एकाच्या खिशाला औषध कंपनीचं पेन. सगळे माझ्याकडे बघतात— दाराकडे बघतात— त्यांनाही कुणीतरी खाणारा हवाय—

शनिवार, १७ ऑगस्ट
बस आली. अभिमन अंगणात. काकू, पाहुणचार संपला का? मलाही वाढा की, सकाळपासून उपाशी आहे. नानांनी रोटाचं ताट माझ्या हातात दिलं. त्यानं हात पुढे केला—
ताट उकिरड्यावर भिरकावलं. त्याला ढकललं, शिव्या दिल्या. वेडी म्हणाला. गेला. बस गेली.
नानांनी दार लावलं. म्हणतात, आते तुले आठेच मरनं शे.
इथेच मरेन.
भिंतीजवळचे सगळे उठलेत, माझ्याकडे येताहेत. येऊ देत. पुढच्या श्रावणातही नाही देणार, त्याच्या पुढच्याही— कुणालाच ना—