कट्ट्याखालची भेग

सोमवार, संध्याकाळ

गच्चीवरचा कट्टा मीच हौसेने बांधून घेतला, पाठीशी मोगऱ्याचा विटांचा वाफा. "ताई, ओल्या मातीचं वजन लई होतं," गवंडी म्हणाला होता. मी ऐकलं नाही.

आज खालच्या लिमयेकाकूंनी त्यांचं छत दाखवलं. बरोब्बर कट्ट्याखाली भेग पडलीय. काकूंनी शनिवारी तिच्या टोकाला पेन्सिलने खूण केली होती. भेग त्या खुणेच्या बोटभर पुढे गेलीय. बोटभर, दोन दिवसांत! "बिल्डिंगच जुनी आहे, काकू," मी म्हटलं. का म्हटलं असं?

मघाशी काकू वर आल्या, वाफ्याला टेकून कट्ट्यावर बसल्या. म्हणाल्या, "खाली भीती वाटते गं. इथे कसं बरं वाटतं."

मी दारातच उभी राहिले. कट्ट्यावर आणखी माझं वजन नको.