बसच्या आधी द्वारकेला

दादा, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितली आहे. मी त्यांच्यासमोरच हसलो, ते बिचारे गोंधळले. त्यांना काय सांगणार, की तेविसाव्या वर्षी मी एवढी सायकल मारली आहे की सात जन्म पुरेल, आणि ती मारायला लावणारा माझा बाप माझ्या मागून येणाऱ्या एसटीच्या स्टेअरिंगवर बसलेला असायचा. घरी आलो आणि वही घेऊन बसलो. तुमच्याशी तोंडाने बोलायची हिंमत मला कधी झाली नाही, लिहून होतं का बघतो.

चूक माझीच होती. ऐंशी सालाच्या आगेमागे पोहण्याच्या तलावावरच्या हौशी मंडळींनी ती स्पर्धा काढली. आधी धरणाच्या पाण्यात पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल, आणि वर एकवीस किलोमीटर पळायचं, सगळं एका दिवसात. मी जेवताना सहज म्हणालो, "मला जमेल का हो असलं काही?" सातपूरच्या कारखान्यात तात्पुरता लागलो होतो, दुसरी पाळी होती, सकाळ रिकामी जायची, म्हणून आपली एक गंमत. तुमचा घास हातातच राहिला. "जमंल का म्हणून काय इचारतो? जमवायचं." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आधी नोकरी पक्की जमू द्या त्याची." पण तुम्ही ऐकतच नव्हता. तुमच्या डोक्यात वेळापत्रक सुरू झालं होतं.

पोहणं सोमेश्वरला नदीत. तुम्ही जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाहीत, पण काठावरच्या दगडावर बूट घालून बसायचे आणि ओरडायचे, "हात लांब टाक, लांब!" पळणं कॉलनीपासून आडगावच्या रस्त्याने. आणि सायकल, ती तुमच्या पद्धतीने. आठवड्यातून दोनदा तुमच्या पहाटेच्या गाडीच्या टपावर माझी सायकल चढायची, कंडक्टर दोरीने बांधायचे आणि मी खिडकीशी बसून थेट सटाण्याला. तिथे तुमची गाडी तासभर थांबायची. सायकल खाली उतरली की मी निघायचं. तासाने तुम्ही निघणार. तुम्ही मला जिथे गाठाल ती माझी त्या दिवसाची लायकी. आधी देवळ्यालाच गाठलंत. मग भावडबारीच्या घाटात, मग वडाळीभोईला. गाठलं की दोनदा हॉर्न वाजवायचा, थांबायचं नाही. नेहमीचे प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत, "मार, मार!" आणि गाडी धूळ उडवत पुढे जायची. बसच्या आधी द्वारकेला, आपल्या शहरात शिरतानाच्या चौकात, पोचायचं, असं ठरलेलं. चार तासांत पंचाण्णव किलोमीटर, घरच्या काळ्या, जड सायकलवर.

लोक म्हणतात मोकळ्या रस्त्यावर सायकल मारावी, मन मोकळं होतं. मला तो रस्ता बोळासारखा वाटायचा. सटाण्याला स्टँडवरचे कंट्रोलर, देवळ्याला चहावाला, पिंपळगावला पेपरवाला, सगळे तुमचे. मी सावलीत पाच मिनिटं बसलो तरी संध्याकाळी घरी कळायचं. सटाण्याचे कंट्रोलर तुम्हाला म्हणायचे, "पोऱ्या जोरमा शे," म्हणजे पोरगा जोरात आहे, आणि तुम्ही ते आईला येऊन सांगायचे, जशी काही माझी परीक्षेतली मार्कलिस्ट. पुढे कोणी नाही, मागे तुमची बस. मी वळून बघायचो नाही, पण मानेवर सतत ती बस असायची. पिंपळगावच्या पुढे मी जाईना. दोन महिने तिथेच गाठत होतात. घरी आलो की तुम्ही फक्त "पिंपळगाव" म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. एकदाच रागावलात. पाळी करून आलो होतो, अंग मोडलं होतं, म्हटलं उद्या नको. तुम्ही म्हणालात, "पंचवीस वर्षं झाली, माझी गाडी एकदा उशिरा आली नाय. ताप असला तरी नाय. तुला काय झालं?" तुमची सगळी इस्टेट ती एवढीच होती, वेळेवर येणं. पुण्याची चांगली ड्यूटी मिळत होती, तीसुद्धा तुम्ही माझ्यापायी सोडलीत, हे आईने मला सांगितलं. त्यानंतर मी नको म्हणालो नाही. स्पर्धेचं वेड तुमचं आणि पाय माझे, असं मी आईजवळ बडबडायचो, तुमच्यासमोर नाही.

त्या दिवशी ऊन फार होतं. सोग्रस फाट्यावर माझ्या पोटरीत गोळा आला. मी रस्त्याकडेला पाय धरून बसलो होतो आणि मालेगावहून येणारी बस थांबली. स्टेअरिंगवर काका. तुमच्याबरोबर नोकरीला लागलेले, आपल्या शेजारच्या चाळीतले. ते खाली उतरले, माझा पाय ताणून दिला, म्हणाले, "पुरे झालं. चढ वर. बापाला सांग पाय धरला म्हणून, तो काय खातो का तुला?" कंडक्टरकडून माझं आणि सायकलचं रीतसर तिकीट फाडून घेतलं त्यांनी. मी खिडकीशी बसलो. दादा, काय सुख होतं ते! वडाळीभोई आलं आणि गेलं, पिंपळगाव आलं आणि गेलं, आणि माझा पाय हलत नव्हता. आडगावला मी म्हणालो, इथे उतरतो, थोडं चालवतो, नाहीतर पाय आखडेल. तेवढं खरं होतं. द्वारकेला येऊन चहाच्या टपरीपाशी सायकल लावली आणि तुमची वाट बघत उभा राहिलो, सांगायलाच. शपथेवर सांगतो, सांगायलाच.

तुमची गाडी आली. आधी प्रवाशांनी मला बघितलं आणि एकच गलका केला. तुम्ही थांबा नसताना गाडी बाजूला घेतलीत, खाली उतरलात. खाकी शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याजवळ येऊन तुम्ही नुसतं विचारलंत, "आलास? आधी?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी लहान असतानासुद्धा तुम्ही असा हात ठेवल्याचं मला आठवत नाही. मी मान हलवली. बस, एवढंच केलं मी. तोंडातून शब्द काढला नाही, पण मान हलवली.

संध्याकाळी डेपोत पेढे. तुम्ही मला बरोबर घेऊन गेलात, एकेकाच्या हातावर पेढा ठेवत होतात, "बसच्या आधी आला, बसच्या." काकांनी पेढा घेतला. माझ्याकडे बघितलं. खाल्ला नाही, रुमालात बांधला. बाहेर येऊन मला म्हणाले, "मी बोलणार नाय. पण तू बोल. आजच बोल. शिळं झालं की लय जड जातं."

आणि मी बोलायला गेलो होतो, दादा. दोन दिवसांनी. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून माझ्या पायाला तिळाचं तेल चोळत होतात. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी रस्त्यात..." तुम्ही वर बघितलंत. "काय झालं रस्त्यात?" माझ्या तोंडून निघालं, "चेन उतरली होती." तुम्ही चोळायचे थांबलात. "चेन उतरली, आणि तरी आधी आला?" आईला हाक मारलीत, "ऐकलं का ग, चेन उतरली होती याची!" दुसऱ्या दिवशी सगळ्या डेपोला तेही कळलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तसं झालं माझं. त्यानंतरच्या खेपांना तुम्ही मला पुन्हा पिंपळगावलाच गाठत होतात, पण आता तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. "जपून चालव, स्पर्धेसाठी राख," म्हणायचे.

स्पर्धेच्या दिवशी तुमच्या डेपोतली आठ-दहा माणसं सुट्ट्या टाकून, ड्यूट्या बदलून धरणावर आली होती. मी पाण्यातून शेवटून चौथा निघालो. सायकलीला वणीच्या बाजूला जाऊन परत यायचं होतं. मला जमलं ते सगळं मी केलं, खोटं नाही सांगत. जाताना दिंडोरीच्या चढावर माझ्या लक्षात आलं की मागे बस नाही. मी वळून बघितलं, रस्ता रिकामा. मग आणखी एकदा बघितलं. आणि पाय आणखीनच जड झाले. बसच्या आधी आलेल्या माणसाला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्याहून तासभर जास्त लावून मी परत आलो. पळून संपवलं तेव्हा टेबलं उचलत होते. डेपोतली माणसं निघून गेली होती. तुम्ही टॉवेल घेऊन उभे.

तुम्ही टॉवेल माझ्या हातात दिलात. थेट स्पर्धेच्या चिटणिसांकडे गेलात. तरुण, शिकलेला माणूस होता तो. "हे नव्वद नाय," तुम्ही म्हणालात. "जास्त हाय. मी रोज गाडी चालवतो, मला अंतर कळत नाय का?" मागून कोणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." हशा झाला. तुम्ही कधी कोणाशी आवाज चढवून बोलला नव्हता, त्या दिवशी बोललात, आणि मी टॉवेलमध्ये तोंड घालून उभा राहिलो.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही माझी सायकल घेतलीत. पुढच्या चाकाच्या तारेला पांढरी चिंधी बांधलीत, चाकाचा घेर दोरीने मोजलात, एका खिशात ज्वारीचे दाणे घेतलेत. चिंधीचे शंभर फेरे झाले की एक दाणा या खिशातून त्या खिशात. असे सगळा जाण्याचा रस्ता मोजत गेलात, पन्नाशीचा माणूस, उन्हात, आणि येताना सायकल टपावर टाकून बसने आलात. ओट्यावर दाणे मांडून हिशेब केलात, दुप्पट केलात, पुन्हा केलात. मग म्हणालात, "बरोबर हाय त्यांचं. थोडं कमीच भरतंय." संध्याकाळी मला घेऊन चिटणिसांच्या घरी गेलात आणि त्यांच्या दारात हात जोडलेत. "माझं चुकलं साहेब." त्यांनाच अवघडल्यासारखं झालं, बसा म्हणाले. तुम्ही बसला नाहीत.

त्याच आठवड्यात मी डबा द्यायला डेपोत आलो होतो. विश्रांतीच्या खोलीत कोणीतरी छेडलं, "काय, बसच्या आधी येणारा पोरगा तुमचा?" तुम्ही बूट घालत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोराचं काय चुकलं नाय. त्या दिवशी माझीच गाडी उशिरा आली." तुमची गाडी आणि उशिरा! काका चटकन म्हणाले, "त्या दिवसाची गाडी पोचल्याची नोंद काढून बघू का?" तुम्ही म्हणालात, "कशाला? मला आठवतंय ना." आणि बुटाची नाडी बांधत राहिलात. काका माझ्याकडे बघत होते. मी डबा बाकावर ठेवला आणि बाहेर आलो.

सटाण्याची ड्यूटी तुम्ही बदलून घेतलीत. मला पुन्हा सायकल मार म्हणाला नाहीत, ना पोह म्हणालात ना पळ. सात वर्षांनी गेलात. तुमच्या दहाव्याला काकांनी विचारलं, "बोललास का रे कधी?" मी म्हणालो, हो. त्यांनाही खोटंच सांगितलं. आता तेही नाहीत. ही वही मी मुलांना दाखवणार नाही, माळ्यावर जाईल.

तुम्ही नोंद का बघू दिली नाहीत, हे मी आता विचारत नाही. मला माझंच सांगायचं आहे. तुम्ही सगळ्यांदेखत तो उशीर स्वतःवर घेतलात, तेव्हा डेपोच्या फाटकाबाहेर येऊन मी मोठा श्वास घेतला. कित्येक महिन्यांनी मला सुटल्यासारखं वाटलं. घरी जाताना मी शीळ घालत होतो, दादा. लाज नंतर वाटली.