शिवलेली शेवटची पानं

ती. आईस,
शिलाई मशीनवरूनच वाकून नमस्कार. खोकला बराच कमी आहे, काळजी नको.

वर्षभरात रद्दीतल्या एकवीस कादंबऱ्या वाचल्या, सगळ्यांची वहीत नोंद आहे! आणि शप्पथ, एकीचंही शेवटचं पान आधी पाहिलं नाही. आपल्या दोघींची खोड मी मोडली. पुस्तक आणलं की शेवटची पानं आधी शिवूनच टाकते. कारखान्यातल्या सुपरवायझरबाई म्हणतात, "आता काजं-बटणंही लाव!"

तुझे डोळे कसे आहेत? बाबा नीट वाचून दाखवतात, की मधलं गाळतात?

बाविसावी पाठवतेय. तिचा शेवट मीही वाचलेला नाही. बाबांना कात्री देऊ नकोस, मी आले की दोघी मिळून उसवू. कधी येणार, ते मात्र आधीच विचारायचं नाही.

तुझी,
शिंपीणबाई