टर्बोच्या पोटातलं कापड

ती. सौ. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, त्यामुळे अर्धीच वाकलेय. उरलेलं भेटीत.) तुझे गुडघे, भाऊजींचं पित्त आणि मुलांच्या परीक्षा कशा आहेत ते सविस्तर कळव. आम्ही इकडे मजेत. बाबा तर फारच मजेत आहेत आणि पत्र त्याबद्दलच आहे. तक्रार अजिबात नाही हं, असं समजूनच वाच.

निवृत्त झाल्यापासून बाबा घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून मीच म्हटलं, माझ्या गॅरेजमध्ये येत जा, तेवढंच मन रमेल. रमलं! जन्मभर माणसांची पोटं उघडलेला सर्जन, त्याला आता गाड्या मिळाल्यात. सकाळी हातमोजे चढवून येतात, माझे पाने ट्रेमध्ये लहान-मोठे लावून ठेवतात (मला हवा तो पाना त्यामुळे कधीच सापडत नाही) आणि गिऱ्हाइकाला विचारतात, त्रास कधीपासून आहे? परवा एक जण म्हणाला, चढावर दम लागतो. तो गाडीबद्दल बोलत होता गं! बाबांनी त्यालाच शर्ट वर करायला लावला, छाती तपासली आणि वजन उतरवायला सांगितलं. गाडी तशीच घेऊन गेला बिचारा.

आता मुख्य प्रकरण. आमच्या मिशीवाल्या गिऱ्हाइकाची शर्यतीची गाडी आलीय. रविवारी चढाची शर्यत आहे. ती गाडी धावली नाही, तर तो जाईलच, पण त्याची मिशीवाली दोस्तमंडळीही आपापल्या गाड्या घेऊन जातील आणि मी टायरचं पंक्चर काढत बसेन. तर या गाडीच्या टर्बोत हवा आत ओढणारं एक चाक असतं, मुठीत मावेल एवढं. दिसायला गरीब, पण मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं. पाती इतकी पातळ, की त्या वेगात साधा खडा गेला तरी संपलंच. म्हणून आमच्याकडे एकच कडक नियम आहे: फिल्टर काढून त्या चाकाकडे जाणारी हवेची नळी उघडी पडली, की आधी तिच्या तोंडात कापड, मग बाकीचं जग. कापड लालभडक हवं आणि त्याचं लांब शेपूट बाहेर लोंबतं हवं, म्हणजे नळी परत जोडताना ते विसरायची सोयच नाही.

बाबांना हा नियम प्रचंड आवडला. त्यांनी कापड कोंबलं. पण लोंबतं शेपूट त्यांना गबाळं वाटलं, म्हणून तेही छान घडी घालून आत सारलं आणि वर फिल्टर लावून पट्टा आवळला. मी बघितलं, शेपूट कुठे दिसेना, म्हणजे कापड काढलंय; म्हटलं वा बाबा, शिकलात की! आणि चावी फिरवली. आधी शीळ, मग खरखर, मग माझी किंकाळी. उघडून बघते तर पाती वाकडीतिकडी आणि त्यांत लाल लक्तरं. चाक जपायला ठेवलेल्या कापडानेच चाक खाल्लं! मी म्हटलं, अहो, पेशंटच्या पोटात कापड राहू नये म्हणून जन्मभर जीव टाकलात ना? तर शांतपणे म्हणाले, मोजायचं काम सिस्टरचं असतं. आणि माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर मलाच वाटलं, चुकलंच माझं.

इतका संताप झाला, की बाहेर जाऊन फुटपाथवर बसले. परत आले तर बाबा ते मोडकं चाक मऊ ब्रशने पुसत होते, हळूहळू, एकेक पातं. फार वाईट वाटलं गं ताई. उद्यापासून येऊ नका म्हणायला जीभच रेटेना. मिशीवाल्याला अजून पत्ता नाही. त्याचा फोन येतो, बाबा उचलतात आणि सांगतात, पेशंट विश्रांती घेतोय, भेटायला येऊ नका.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी
ग्रीसने बरबटलेली धाकटी

ता.क. बाबांना आठवडाभर तुझ्याकडे बोलावून घे ना! नातवंडं आठवण काढतात म्हण, भाऊजींच्या पित्तावर इलाज सापडत नाही म्हण, वाट्टेल ती थाप मार, पण माझं नाव येता कामा नये. नवं चाक आज आलंय. ते बसेपर्यंत बाबा गाडीपासून लांब हवेत.

ता.क. २. चाक आलं, पण सांध्यात बसवायचं पॅकिंग, ती पातळ चकती गं, यायचं राहिलं. ते आणायला दुकानात निघालेय. त्याशिवाय गाडी चालू केली तर नवं चाकही गेलंच म्हणून समज. येताना पाकीट-तिकीट आणून पत्र टाकते.

ता.क. ३. चि. मोठीस अनेक आशीर्वाद. मी बाबा. पत्र टेबलावर उघडंच होतं, वाचलं. सगळं खरं आहे, मला राग नाही. पण पोर थकलीय, फार चिडचिड करते. तूच तिला आठवडाभर बोलावून घे. माझं नाव येता कामा नये. गॅरेजची काळजी करू नकोस, मी आहे. नवं चाक बसवलंसुद्धा. पॅकिंगशिवायही झकास बसलं. आता चावी फिरवून बघतो.